कमळ, कोबी आणि कचऱ्याची लॉरी

बढाई मारायचीच असेल तर माणसानं घरापासून लांब जाऊन मारावी. माझं ऑफिस महादेवपुऱ्यात आणि घर चामराजपेटेत. मधे अर्धं बेंगळुरू. तिकडं मारलेली बढाई मेट्रोच्या गर्दीतून घरापर्यंत येईतो आपोआप झिजून गेली असती. पण मी ती मारली आमच्याच गल्लीच्या तोंडावर, फुलवाल्या अक्कासमोर, आणि तीही सकाळच्या वेळी, जेव्हा फुलांसाठी तिथं निम्मी गल्ली उभी असते.

"अक्का, हा ढीग आता चार दिवसांचा पाहुणा," मी म्हणालो. "यापुढं कॅमेरा बघणार, यंत्र ओळखणार आणि लॉरी आपोआप येणार. कुणी तक्रारसुद्धा करायला नको. आणि त्या यंत्राला शिकवलंय कुणी, माहीत आहे?"

"कुणी?"

मी नुसता हसलो. विनयशील माणसं हसतात तसा.

अक्कानं शेवंतीच्या टोपलीवर पाणी शिंपडलं. त्यातलं थोडं माझ्या चपलांवर आलं. "येऊ दे की लॉरी," ती म्हणाली. "तुला आणि तुझ्या यंत्राला, दोघांना हार घालते."

तो ढीग असा: गल्लीच्या तोंडाशी एका बंद कंपाउंडाची भिंत वळते. त्या वळणाच्या अलीकडं विजेच्या खांबाला टेकून अक्काचं दुकान, म्हणजे एक लाकडी खोका, वर निळा ताडपत्रीचा तुकडा आणि चार टोपल्या. वळणाच्या पलीकडं कचरा. चालत्या स्कूटरवरून, वेग कमी न करता, पिशवी नेमकी ढिगावर टाकणारे नेमबाज आमच्या भागात आहेत. त्यांना कुणी कधी बघत नाही, पण सकाळी त्यांचं काम दिसतं.

अशा जागेला इकडं ब्लॅक स्पॉट म्हणतात, आणि त्यावर या शहराचा एक जुना उपाय आहे. जागा झाडून धुवून तिथं रांगोळी काढायची. सुरेख रांगोळीवर पिशवी फेकताना माणसाचा हात जरा अडखळतो, असा त्यामागचा विचार. सफाईवाल्या बायका जागा साफ केली की रांगोळी काढल्याशिवाय हलत नाहीत. अक्का तर रोजच काढायची. सिटी मार्केटातून फुलं घेऊन आली की आधी रांगोळी, मग दुकान. आणि तिची रांगोळी म्हणजे काय सांगू! ठिपके असे की मोजपट्टी लावावी, आणि त्यातून वेली निघायच्या त्या खांबाला वळसा घालून थेट ढिगाच्या पायथ्याशी जायच्या. पिशव्या मात्र वेलींच्या पलीकडं नेमानं पडत राहायच्या.

आता माझ्या यंत्राबद्दल. 'माझं' म्हणायची सवय जात नाही, पण मी इंजिनिअर नाही. मी निपाणीकडचा. मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्यासारखं येतं, एवढ्या भांडवलावर या वयात एका छोट्या कंपनीत लागलो आहे. शहराच्या कचरा-विभागाचं काम कंपनीला मिळालं होतं. कंपनीतल्या मुलांना कन्नड येत नाही आणि विभागातल्या साहेबांना मुलांचं इंग्रजी झेपत नाही. मधे मी, दोन्हीकडून बोलणी खाण्यासाठी नेमलेला.

काम चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. रोज सकाळी गाणं वाजवत घरोघरचा कचरा न्यायला जी छोटी ऑटो येते, तिच्या टपावर कॅमेरा बसवला. ऑटो जाता जाता प्रत्येक कोपऱ्याचा फोटो निघतो. यंत्र तो बघतं आणि नकाशावर ठिपका लावतं: कचरा असेल तर लाल, स्वच्छ असेल तर हिरवा. मग मोठी लॉरी फक्त लाल ठिपक्यांवर जाते. पूर्वी लॉरी सगळीकडं फिरायची आणि निम्म्या ठिकाणी उगाच जाऊन यायची. लोकांच्या तक्रारीही यंत्रच तपासतं. तक्रार आली की त्या जागेचा ताजा फोटो बघायचा; लाल असेल तर लॉरीला कळवायचं, हिरवा असेल तर तक्रार बंद करून आभार मानायचे. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती.

यंत्राला कचरा म्हणजे काय हे मात्र फोटो दाखवून शिकवावं लागतं. हा कचरा, हे स्वच्छ. हा कचरा, हे स्वच्छ. लहान मुलाला चित्रांच्या पुस्तकावरून शिकवतात तसं. ते फोटो जमवायचं काम माझ्याकडं आलं. शहरभर हिंडून, निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कोपऱ्यांचे फोटो काढा, असं आमच्या इंजिनिअर बाईंनी बजावलं होतं. बाई म्हणजे पुण्याहून आलेली, माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. मी पहिल्या दिवशी हिंडलो. एका गटारात पाय गेला, एका कुत्र्यानं दोन चौक पाठलाग केला. दुसऱ्या दिवशी मला साक्षात्कार झाला. विभागातल्या साहेबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असे फोटो ढिगानं पडलेले होते! साफ करण्याआधीचा एक, साफ केल्यानंतरचा एक. वरिष्ठांना दाखवायला सगळे टाकतातच. मी बसल्या जागी सगळे उतरवून घेतले आणि एका दुपारीत काम संपवलं.

कंपनीत माझ्या तडफेचं कौतुक झालं. ते मी नाकारलं नाही.

झालं, यंत्र सुरू झालं. आजूबाजूच्या रस्त्यांवर लाल ठिपके लागायला लागले, लॉऱ्या यायला लागल्या, जुने ढीग दिसेनासे झाले. आमच्या गल्लीचा ढीग मात्र होता तिथंच, होता त्याहून थोडा मोठा.

"काय अण्णा," अक्का रोज सकाळी विचारायची, "तुझ्या यंत्राला मोतीबिंदू झालाय काय?"

पहिले चार दिवस मी म्हणालो, "स्वल्प थांब, अक्का. नवीन आहे. रस्ते ओळखायला वेळ लागतो." मग मोबाइलवरून तक्रार केली. खिशात फोन ठेवेपर्यंत उत्तर आलं: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, धन्यवाद. मी ढिगाकडं बघितलं. ढिगावर एक मांजर बसलं होतं. त्यानंही माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा धन्यवाद. तिसऱ्यांदा केली तेव्हा, एकाच जागेबद्दल वारंवार तक्रार करून यंत्रणेचा वेळ घेऊ नये, अशी समज आली. ते वाक्य कन्नडमध्ये मीच लिहून दिलं होतं, आणि फार सभ्य जमलंय म्हणून खूशही झालो होतो.

लॉरीच्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "सार, फोन जिथं सांगतो तिथं जायचं. जास्त फिरलो तर डिझेलचा हिशेब मागतात." सफाईवाल्या बायकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लॉरी आल्याशिवाय उचललेला ढीग ठेवायचा कुठं, तुमच्या घरी?"

मग मी अक्काला एक सल्ला दिला. हा सल्ला आठवला की अजून कान गरम होतात.

"अक्का, तू रांगोळी मोठी काढ," मी म्हणालो. "रंग भर. अगदी ढिगापर्यंत ने. फेकणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे."

अक्काला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून मोर आले. हिरवे, निळे, पिसारा फुलवलेले. ढिगाच्या पुढ्यात दोन मोर समोरासमोर, चोचीत कमळ. लोक थांबून फोटो काढायचे. नाक धरून, पण काढायचे.

श्रावण लागला आणि प्रकरण हसण्याच्या पलीकडं गेलं. एके सकाळी अक्कानं मला मोतीबिंदूचं विचारलं नाही. मान खाली घालून कनकांबराची, म्हणजे अबोलीची, फुलं ओवत होती.

"काय झालं, अक्का?"

"देवळाचा माणूस येऊन गेला." मागच्या रस्त्यावरच्या लक्ष्मीच्या देवळात रोजचे हार अक्काकडून जातात, आधी तिच्या आईकडून जायचे. "म्हणाला, फुलं तुझी चांगली हैत, पण नाक धरून घ्यावी लागत्यात. देवीला असली कशी घालायची? वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बघून जातो म्हणाला. ढीग असला तर सणाचे हार मार्केटातनं घेणार. आणि मग रोजचे पण तिथनंच."

"रोजचे पण?"

"माझं दुकान म्हणजे ते देऊळच की रे. तुम्ही लोक शुक्रवारी एक मोळ घेता," तिनं कोपरापासून बोटापर्यंत हात दाखवला, "ते पण घासाघीस करून. तेवढ्यावर चार टोपल्या निघत्यात काय?"

मी नेहमी घासाघीस करतो. मी विषय बदलला. "दुकान जरा सरकवलं तर?"

"कुठं? हा खांब माझ्या आईनं धरलेला. पुढं दुसरीचा खांब, त्याच्या पुढं तिसरीचा." तिनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. "तूच म्हणालास ना, यंत्राला शिकवलंय म्हणून? मग बघायला पण शिकव की."

वरमहालक्ष्मी म्हणजे इकडं फुलांची दिवाळी. त्या एका शुक्रवारी अख्खं शहर फुलांत बुडतं. मधे पंधरवडाही उरला नव्हता.

मी विभागातल्या साहेबांकडं गेलो. सज्जन माणूस. मला चहा देऊन त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा उघडला. "कुठला कोपरा म्हणता? हा? अहो सार, हा तर आपला सगळ्यात चांगला कोपरा! एक दिवस चुकला नाही. रोज हिरवा."

"साहेब, मी आत्ता तिथूनच आलोय. शर्टाला वास असेल बघा."

"आणि मागच्या सादरीकरणात वरिष्ठांनी याच कोपऱ्याचं कौतुक केलं. फोटोसकट. तुम्हीच तर तो लावला होता."

खरं होतं. कोपऱ्यांच्या यादीत यंत्राला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त खात्री होती, तो कोपरा मी निवडला होता. फोटो बघताना मला एवढंच दिसलं होतं की मोर सुंदर आहेत. शिवाय फोटो छोटा होता.

चहा तसाच ठेवून मी महादेवपुऱ्याला गेलो आणि पुण्याच्या इंजिनिअर बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, माझ्या गल्लीचा फोटो जरा बघता का? यंत्राला तिथं काय दिसतंय?"

"सर, एक मिनिट, हीटमॅप काढते. म्हणजे मॉडेल फोटोत नक्की कुठं बघतंय ते कळेल. जिथं जास्त बघतं तिथं लाल दिसेल." तिनं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर आमची गल्ली आली. ढीग काळसर, थंड, कुणाचं लक्ष नसलेला. आणि मोर? दोन्ही मोर पेटल्यासारखे लालभडक!

"सर, हे लिटरली रांगोळीच बघतंय," ती म्हणाली. "कचऱ्याकडं याचं लक्षच नाहीये. पण असं का करेल हे?" तिनं माझ्याकडं बघितलं. "सर, आपले ट्रेनिंगचे फोटो तुम्ही स्वतः हिंडून काढले होते ना?"

खोटं जुळवायला मला एक मिनिट पुरतं, पण तिनं तेवढ्यात ते फोटो उघडले. कचऱ्याचा फोटो, रांगोळी नाही. स्वच्छतेचा फोटो, रांगोळी आहे. पुढचा कचरा, रांगोळी नाही. पुढचं स्वच्छ, रांगोळी आहे. साहेब लोक साफसफाईनंतरचा फोटो कधी काढतात? रांगोळी झाल्यावर! यंत्रानं विचार केला, एवढं त्या सालींच्या, पिशव्यांच्या, नारळांच्या भानगडीत पडायचं कशाला. रांगोळी दिसली की स्वच्छ म्हणायचं. आणि ते प्रत्येक वेळी बरोबर यायचं.

"आळशी आहे हो तुमचं यंत्र," मी म्हणालो.

"नाही सर," ती म्हणाली, "ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर गेलंय."

म्हणजे अक्काच्या दुकानावर संकट आणलं होतं ते तिच्याच रांगोळीनं, आणि रांगोळी मोठी कर म्हणून सांगणारा मी.

त्या संध्याकाळी मी अक्काला सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, "तर सण होईपर्यंत रांगोळी काढू नकोस. लॉरी येईल."

अक्का उठून उभी राहिली. "श्रावणात? लक्ष्मी यायची त्या महिन्यात दारात रांगोळी नको?"

"मग ऑटो येऊन गेल्यावर काढ."

"ऑटो कधी सहाला येते, कधी दहाला. तवर लक्ष्मीला सांगू काय, थांब गं, आधी कॅमेरा जाऊ दे?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "चूक तुझी, अण्णा. माझी रांगोळी कशाला पुसतोस?"

दुसऱ्या दिवशी मी ते इंजिनिअर बाईंना सांगितलं. त्यांच्याकडं उपाय होता. "सर, यंत्राला नवे फोटो दाखवायला लागतील. कचरा आहे आणि शेजारी रांगोळी पण आहे, असे. बरेच. मग त्याला कळेल की रांगोळी म्हणजे स्वच्छता नाही."

आता असे फोटो कुठून आणायचे? ढिगाशेजारी रोज रांगोळी काढणारी बाई शहरात एकच, आणि एका कोपऱ्याच्या फोटोंनी भागणार नव्हतं. ढीग भरपूर होते. रांगोळ्या आपल्यालाच काढाव्या लागणार होत्या. मी बायकोकडं गेलो. तिची रांगोळी बघायला दिवाळीत शेजारी येतात.

"माझ्या हातची रांगोळी उकिरड्याशेजारी?" ती म्हणाली. "तुम्हीच काढा. पाप तुमचं, पीठ माझं घ्या."

मी आयुष्यात रांगोळी काढली नव्हती. पण मनात आलं, यंत्राला कुठं कळतंय!

पुढचे काही दिवस ऑफिसला जाण्याआधी मी रांगोळीचा डबा घेऊन चामराजपेटेतले आणि आसपासचे ढीग शोधत हिंडत होतो. ठिपके घातले की ते रांगेत राहत नसत. रेघ चिमटीतून एकदा सुटली की कुठं जाईल ते तिलाच माहीत. मी एकच नक्षी ठरवली होती, कमळ, कारण त्याला पाकळ्या तेवढ्या असतात. प्रत्येक वेळी कमळ काढायला बसायचो आणि उठायचो तेव्हा कोबी झालेला असायचा. शनिवारी इंजिनिअर बाई मदतीला आल्या. मी काढायचो, त्या फोटो घ्यायच्या.

"सर, हे काय आहे?"

"कमळ."

"ओके," ती म्हणाली आणि फोटो घेतला.

लोकांना मात्र वेगळीच शंका आली. भल्या सकाळी एक पोक्त माणूस उकिरड्याशेजारी उकिडवा बसून पांढऱ्या पिठानं काहीतरी वेडंवाकडं काढतोय, पुटपुटतोय (मी पाकळ्या मोजत होतो), आणि शेजारी एक मुलगी फोन धरून उभी. एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली, माझ्या कोबीकडं बघितलं आणि रिक्षा उलटी वळवून दुसऱ्या रस्त्यानं गेला. एका आजीबाईंनी विचारलं, "कुणावर करणी केलीस, बाबा?"

"करणी नाही, अज्जी. सरकारी काम आहे."

"मग बरोबर," अज्जी म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेऊन लगबगीनं निघून गेल्या.

फोटो झाले. नवं यंत्र लावायला साहेबांची सही लागणार होती. त्यांचा चेहरा उतरला. त्यांचा आवडता कोपरा लाल होणार होता. मी त्यांना काही समजावलं नाही. नुसतं अक्काच्या दुकानाशी आणून उभं केलं. मोर डोळ्यांना, ढीग नाकाला. अक्कानं त्यांच्या घरच्यांसाठी मोगरा बांधून दिला. साहेबांनी तो हुंगायला वर उचलला आणि अर्ध्या वाटेतच हात थांबला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "सही करतो. पण पुढच्या सादरीकरणाचा फोटो मी निवडणार."

सणाच्या दोन दिवस आधी, बुधवारी, नवं शिकवलेलं यंत्र तयार झालं आणि जुन्याच्या जागी बसलं. आम्ही त्याला त्या दिवशीचा अक्काचा कोपरा दाखवला. मी मनातल्या मनात अक्काचा हार गळ्यात घालूनही घेतला होता.

हिरवा.

"असं कसं?" मी ओरडलो. आजूबाजूच्या टेबलांवरून माना वर झाल्या.

बाईंनी माझे उकिरडे दाखवले. सगळे लाल. पुन्हा अक्काचा कोपरा. हिरवा. पुन्हा हीटमॅप. बराच वेळ ती ओठ चावत पडद्याकडं बघत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून मी घाबरलो. हसत होती.

"सर, सॉरी सर... पण कचऱ्याशेजारच्या सगळ्या रांगोळ्या तुमच्या हातच्या आहेत. आणि स्वच्छ जागेवरच्या सगळ्या चांगल्या. म्हणजे, ज्यांना रांगोळी येते त्यांच्या. त्यामुळे हे आता असं शिकलंय की सुंदर रांगोळी म्हणजे स्वच्छ आणि..."

"आणि?"

"आणि तुमची रांगोळी म्हणजे कचरा."

आयुष्यात माझ्या कलेची बरीच परीक्षणं झाली आहेत. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी केली, घरात बायको करते. पण इतकं निःपक्षपाती एकही नव्हतं.

"पुन्हा शिकवायला किती वेळ लागेल?"

"नव्या रांगोळ्या, नवे हात, नवी सही... उद्या तर शक्यच नाही."

उद्या गुरुवार. उद्या संध्याकाळी देवळाचा माणूस येणार. मी मेट्रोत उभ्या उभ्या अक्काला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो, आणि मधेच, कुठल्या स्टेशनाशी ते आठवत नाही, मला एकदम उलगडलं. लगेच बाईंना फोन लावला.

"मॅडम, एकाच फोटोत दोन्ही असल्या तर? अक्काची चांगली आणि माझी वाईट?"

"माहीत नाही, सर. कुठली जिंकेल सांगता येत नाही. तुमची मात्र स्ट्राँग आहे."

गुरुवारी सकाळी अक्का मार्केटातून आली तेव्हा मी डबा घेऊन तिथं हजर होतो. तिनं सणाचे मोर काढले. मग मी ढिगाला खेटून बसलो आणि कमळाला हात घातला. आयुष्यात पहिल्यांदाच मला ते बिघडायला हवं होतं. एक पाकळी चुकून बरोबर आली. ती मी पुसली. अक्का खोक्यावर बसून बघत होती.

"हे काय काढलंस रे?"

"कमळ."

"कोबी आहे," ती म्हणाली.

कॅमेऱ्याची ऑटो गाणं वाजवत आली, कोपऱ्याशी जरा मंदावली आणि गेली. मी फोनकडं बघत राहिलो. बोटांना पीठ, त्यामुळे पडदाही पांढरा झाला. तो शर्टाला पुसला. नकाशावर आमच्या कोपऱ्याचा हिरवा ठिपका क्षणभर तसाच होता. मग लाल झाला.

दुपारी लॉरी आली. त्या लॉरीच्या आवाजासाठी मी रजा टाकली होती, हे बायकोला अजून पटत नाही. सफाईवाल्या बायकांनी ढीग उचलला, जागा धुतली, चुना टाकला. अक्काचे मोर त्यांनी सांभाळले, आणि आणखी एक गोष्ट तशीच ठेवली. भिंतीकडच्या कोपऱ्यात, सगळ्या स्वच्छतेच्या मधोमध, माझा कोबी. "ते आपण नाही पुसायचं बाई," एक दुसरीला म्हणाली. "कुणी कशासाठी केलंय कोण जाणे." आणि त्याला वळसा घालून झाडत गेल्या.

मी पुसायला उठलो, तेवढ्यात देवळाचा माणूस वेळेच्या बराच आधी आला. मी खांबामागं झालो. त्यानं नाक धरलं नाही. जागा बघितली, भिंत बघितली, मोर बघून मान हलवली. मग त्याची नजर कोपऱ्यात गेली आणि पाय जागीच थांबला.

"अक्का, हे काय? कुणी काही केलंय काय इथं? असलं काही असलं तर देवीची फुलं..."

ढीग गेला आणि माझ्या कमळानंच देऊळ घालवलं!

अक्कानं मान वरही केली नाही. हातातला हार पुरा केला, गाठ मारली. "ते होय? ते सरकारचं आहे," ती म्हणाली. "लॉरी यायला काढत्यात."

देवळाच्या माणसानं वाकून कोबीकडं बराच वेळ बघितलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"हं," तो म्हणाला. "सरकारचंच वाटतंय." आणि खिशातून चष्मा काढून सणाच्या हारांची मापं सांगायला लागला. जाता जाता मागं वळून म्हणाला, "आणि रोजचे नेहमीसारखे."

शुक्रवारी अक्कानं शब्द पाळला. गल्लीसमोर मला हार घातला. शेवंतीचा होता, चांगला जाड. त्याचे पैसेही घेतले, पण घासाघीस न करता मी दिले.

इंजिनिअर बाई आता यंत्राला तिसऱ्यांदा शिकवताहेत. या वेळी ऑफिसातल्या सगळ्यांनी, वेगवेगळ्या हातांनी, रांगोळ्या काढल्या. काहींच्या माझ्यापेक्षाही वाईट आल्या. मी त्या दोन दोनदा जाऊन बघून आलो. साहेबांची सही मात्र अजून व्हायची आहे, आणि स्कूटरवरचे नेमबाज काही सहीसाठी थांबत नाहीत. ढीग पुन्हा वाढायला लागला की सकाळी सकाळी खालून हाक येते. मी अर्धा चहा सोडून डबा शोधतो, बायको बघूनही न बघितल्यासारखं करते, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात अक्का पुन्हा म्हणते,

"अण्णा, उठलास काय? लॉरी पाहिजे. ये, कोबी काढ."